खेळण्याला एक चिठ्ठी बांधा: सावंतवाडीच्या कारागिरांना खुलं पत्र

सावंतवाडीच्या चितार आळीत आणि आसपासच्या गावांत लाकडी खेळणी घडवणाऱ्या, रंगवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व काका-काकी, दादा-ताईंना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात १९ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. सध्या पटावर २३ मुलं आहेत. त्याशिवाय वजनाच्या दिवशी तान्ही बाळं घेऊन आया येतात. त्यांतल्याच एका दिवशी जे पाहिलं त्यामुळे हे पत्र लिहायला बसले.

कार्तिकातली जत्रा नुकतीच होऊन गेली होती. एक आई चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. त्याच्या हातात लाकडी खुळखुळा होता, वर पोपट बसवलेला. आत्याने जत्रेत खाजा घेतला आणि भाच्यासाठी हे खेळणं. पोराला दात येत होते, त्यामुळे पोपट तोंडातच. मी त्याला काट्यावर बसवायला उचललं तर ओठ, हनुवटी, गळ्याखालचं लाळेरं, सगळं नारिंगी. आधी वाटलं गाजर खाल्लंय. पदराने पुसलं तर पदरही नारिंगी झाला. मग पोपटाच्या चोचीवर नखाने जरा खरवडलं, तर रंगाचा पापुद्रा निघून आला आणि खाली पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, दिसली.

"खय घेतलास गो ह्यो?" मी विचारलं.

"जत्रेत, बाई. माका काय म्हायत कोणी केलो तो."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा होती. दशावताराला मी जातेच, त्या रात्री मुद्दाम लवकर गेले आणि खेळण्यांची दुकानं धुंडाळली. तसाच पोपट एका दुकानात सापडला. दुकानदार भला माणूस होता, त्याने खोका उलटापालटा करून दाखवला. कुठेही काही छापलेलं नव्हतं. त्याने घाऊक आणला होता, ज्याच्याकडून आणला त्यानेही घाऊकच आणला होता. तो पोपट सावंतवाडीचा होता, परराज्यातला होता की आणखी कुठला, हे मला आजही माहीत नाही. तुमच्यावर माझा आळ नाही. माझं दुखणं एवढंच आहे की ते खेळणं कुणाचं आणि त्यावर कसला रंग, हे सांगू शकेल असा एकही माणूस मला भेटला नाही.

तुमच्या खेळण्यांशी माझं नातं जुनं आहे. माझी भातुकली चितार आळीतलीच होती. वडील मोती तलावाच्या काठाने चालत जाऊन ती घेऊन आले होते. पाट, लाटणं, पोळपाट, जातं, उखळ, मुसळ. पुढे माझ्या मुलीने ती खेळली. आता जात्याची खुंटी गेली आहे, पण जातं आहे. पांगाऱ्याचं लाकूड हातात घेतल्यावर जे हलकं, उबदार लागतं, तसं प्लास्टिक कधी लागत नाही. पोरांच्या पायावर पडलं तरी लागत नाही. आमच्या वईत, म्हणजे कुंपणात, अजून पांगारा आहे. फाल्गुनाच्या आसपास तो लाल फुलतो आणि मुलं विचारतात, "बाई, ह्याचीच खेळणी करतत?" मी अभिमानाने हो म्हणते. ते हो तसंच मनापासून म्हणता यावं, म्हणून तुमच्याकडे आले आहे.

लाकडाची मला भीती नाही. भीती आहे ती वरच्या रंगाची.

त्या दिवसानंतर मी बरंच वाचलं, आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की एकदा चाटल्याने घाबरून जायचं कारण नाही, पण रोज, महिनोन्महिने चघळणं वेगळं. मुख्य प्रश्न शिशाचा. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग झळझळीत आणि टिकाऊ करण्यासाठी शिशाची रंगद्रव्यं वापरण्याची पद्धत जगभर होती. ऑईल पेंट लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाचे क्षार घालत. शिशाला वास नाही, ते नुसतं बघून ओळखता येत नाही. पोटात गेलं तर लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. ते रक्तातून मेंदूत जातं, हाडांत साठून राहतं. मूल शिकायला मागे पडतं, एका जागी ठरत नाही, चिडचिडं होतं, आणि हे कशामुळे झालं ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची अमुक मात्रा निर्धोक, अशी कुठलीच मात्रा ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मला झोप लागली नाही. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. माझ्या अंगणवाडीतल्या मुलांची नखं, डोळे मी रोज बघते. फिकट डोळ्यांची मुलं कोणती ते मला तोंडपाठ आहे. म्हणजे ज्याला आधीच खायला कमी, त्याच्याच पोटात विष जास्त मुरणार.

इथे कुणी म्हणेल, पूर्वीचे नैसर्गिक रंग होते ते बरे होते. मलाही तसंच वाटायचं. पण शेंदूर म्हणजे शिशाचाच प्रकार. पिवळ्या रंगाच्या हरताळात आर्सेनिक असतं आणि लाल हिंगुळात पारा. हे तिन्ही आपल्या चित्रकारांच्या पेटीत शतकानुशतकं होते. देव्हाऱ्यातल्या चित्रावर ते शोभले, तान्ह्याच्या तोंडात नकोत. त्यामुळे जुनं ते चांगलं एवढ्यावर मी थांबत नाही. निसर्गातलं म्हणून निर्धोक, हेही खरं नाही. आमच्याकडे मुलं पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी खेळतात, लाल-काळ्या गुंजा डबीत साठवतात. दोन्ही जहाल विषारी. अंगणवाडीच्या कुंपणालगतची पिवळी कण्हेर मी स्वतः उभी राहून काढवून घेतली. गावातले काही जण रागावले, फुलं देवाला मिळत होती म्हणून. बिट्ट्यांच्या जागी सागरगोटे आणले, तेही फक्त मोठ्या मुलांना. पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्यावर, बसवून ओढायचा खेळ मात्र आहे तसा चालू आहे. त्यापेक्षा चांगली गाडी मला अजून दिसलेली नाही.

आता कायद्याचं बोलते, कारण तो तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यासाठीच्या मानकात अणकुचीदार कडा, सुटणारे भाग, पेट घेणं अशा चाचण्या आहेत. रंगातून शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, बेरियम, अँटिमनी आणि सेलेनियम ही आठ मूलद्रव्यं किती सुटतात तेही तपासतात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या मालाच्या अधिकृत वापरकर्त्यांना मात्र या सक्तीतून सूट मिळाली. सावंतवाडीच्या लाकडी कामाला आता भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आम्हा सगळ्यांनाच आनंद झाला.

ही सूट योग्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पडवीत बसून घरातली चार माणसं मिळून वीस तऱ्हेची खेळणी करतात. प्रत्येक तऱ्हेसाठी प्रयोगशाळेची फी भरायची तर ते घरच बसेल. पण सूट मिळाली म्हणून मुलाचं पोट बदललं नाही. कारखान्यातल्या प्लास्टिकच्या गाडीवर मी आयएसआयचं चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक शोधू शकते, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो तपासू शकते. तुमच्या लाकडी बैलगाडीवर मी काय शोधू? चिन्ह नाही. मग राहतो तो तुमचा शब्द. तो शब्द मला लिहून हवा आहे.

खेळण्याला एक चिठ्ठी बांधा, एवढंच माझं मागणं आहे.

छापील, गुळगुळीत काही नको. वहीच्या कागदाचा तुकडा, सुतळीने बांधलेला, चालेल. त्यावर चार गोष्टी असाव्यात. लाकूड कोणतं, पांगारा की आंबा की आणखी काही, आणि त्याला वाळवीचं किंवा किडीचं औषध लावलं आहे का. रंग कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या जातीचा. किती वयाच्या मुलासाठी. आणि कुणी, कुठे, कोणत्या महिन्यात केलं. तुमचं नाव त्यावर असलं की मला अर्धा धीर येतो. नाव लिहिणारा माणूस हाताखालच्या डब्याकडे दोनदा बघतो, हे मी पोषण आहाराच्या नोंदवहीवरून सांगते. ज्या दिवशी सही करायची असते त्या दिवशी डाळ आपण जास्त नीट निवडतो.

रंगाच्या डब्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळी गोम तिथेच आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तशा डब्यावर ते छापलेलं असतं. पण हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा आहे. यंत्रांना, लोखंडी कामाला, गाड्यांना मारायचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. म्हणून गॅरेजमधला उरलेला डुको (गाड्यांचा रंग), हार्डवेअरच्या दुकानातून सुटा ओतून आणलेला ऑईल पेंट, ज्याचं लेबल गेलं आहे असा डबा, हे खेळण्याला लावू नका. कितीही चकाकी येत असली तरी नको. पाण्यातला रंग आहे म्हणून तो आपोआप चांगला असंही धरू नका, डबा वाचा. आणि भिंतीचा रंग शिशाच्या परीक्षेत उतरला तरी तो खेळण्याचा रंग झाला नाही, कारण बाकीची सात मूलद्रव्यं आहेतच. खेळण्यांसाठी म्हणून तपासलेले रंग मिळतात. ते महाग पडतात, मला कल्पना आहे. निदान तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तेवढेच वापरा.

हे मी फक्त आमच्या मुलांसाठी म्हणत नाही. पॉलिश पेपरने जुना रंग घासताना जी धूळ उडते ती सगळ्यात आधी तुमच्या घरात बसते. पडवीत रांगणारं तुमचं नातवंड तीच बोटं तोंडात घालतं. ब्रश पुसलेलं फडकं घरातल्या धुण्यात जातं. गिऱ्हाईक महिन्यातून एक खेळणं नेतं, तुम्ही मात्र वर्षभर त्या रंगात बसलेले असता. कृपा करून घासकाम ओलं करा, मुलांना त्या वेळी दूर ठेवा, आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. बाईंनी अंगणवाडीत सांगावं तसं मी मोठ्या माणसांना सांगते आहे, याचा राग मानू नका.

अगदी लहान बाळांच्या खेळण्यांना रंगच देऊ नका, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे चोखणी होती. बाळाच्या मुठीत मावेल अशी, दोन्ही टोकांना गोल. ती कोऱ्या लाकडाची, नीट घासलेली, वरून फार तर मेणाचा हात दिलेली, अशी पुन्हा करा ना. बाळाला रंगाची हौस नसते, ती आपल्याला असते. रंग हवाच असेल तर लाखेचा विचार करा. कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं लाकूड चरकावर फिरवतात आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीचं पान दाबून तिला चकाकी आणतात. हे वाचलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलं. खाडीच्या कडेला केवड्याचं बन आहे. काळा कुडा आपल्या सह्याद्रीतही आहे. लाखकाम तर सावंतवाडीला नवं नाही. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते) आणि लाखकाम पुन्हा उभं केलं, तुमच्यातल्या कितीतरी घरांचा त्याच्याशी संबंध आला असेल. फक्त लाखेत मिसळायचा रंगही तितकाच तपासलेला हवा. लाख चांगली आणि आतला पिवळा रंग शिशाचा, असं झालं तर सगळी मेहनत वाया.

मापाचंही सांगते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला कुठलाही भाग त्याच्या घशात अडकेल एवढा नसावा. मानकात यासाठी एक लहान नळकांडं असतं, तोंडाचा व्यास ३१.७ मिलिमीटर. म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून जरासंच मोठं. कसाही धरून जो भाग त्यात पूर्ण मावतो तो धोक्याचा. तसं नळकांडं तुम्ही लाकडाचंच करून हाताशी ठेवू शकता, तुमच्यासाठी तासाभराचं काम. भातुकलीतल्या वाट्या, चमचे, सेटमधली बोराएवढी फळं त्यात सहज मावतील. ती बंद करा असं मी म्हणत नाही, मोठ्या मुलांसाठी ती हवीतच. चिठ्ठीवर "तीन वर्षांवरील मुलांसाठी" एवढं लिहा. गाडीच्या चाकाला खिळ्याऐवजी लाकडी खुंटी असेल आणि ती ओढून निघणार नसेल तर फार बरं. खुळखुळ्यातले मणी बाहेर येता कामा नयेत. पाळण्यावरच्या चिमणाळ्याची दोरी बाळाच्या हाताला लागेल इतकी खाली नको.

तुम्ही म्हणाल, बाई, गिऱ्हाईक चकचकीत आणि स्वस्त मागतं, चिठ्ठी कोण वाचतो? खरं आहे. गेली कित्येक वर्षं आम्हीच जत्रेतून दहा रुपयांची वास येणारी मऊ प्लास्टिकची बदकं नेली आणि तुमच्या बैलगाडीचा भाव पाडून मागितला. त्यात मीही होते. आता आमच्या बीटमधल्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांतल्या, आम्ही सेविका या विषयावर बोललो आहोत. पालकसभेत मी तो नारिंगी पदर दाखवला, न धुता ठेवला होता. वीस शब्दांत जे सांगता आलं नसतं ते त्या डागाने सांगितलं. त्यानंतर तीन आयांनी मला विचारलं, "मग चांगला खेळणा खय गावात?" म्हणजे कुठे मिळेल? मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. ते उत्तर तुमच्या चिठ्ठीत असेल.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागातले कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती. अंगणवाड्यांसाठी खेळणी घेताना सावंतवाडीच्या चिठ्ठीवाल्या खेळण्यांचा विचार व्हावा. आणि रंगांची तपासणी कारागिरांच्या एकेकट्याच्या गळ्यात न घालता सगळ्यांच्या रंगांचे नमुने एकत्र पाठवून एकदाच करून द्यावी. जो डबा पास होईल त्याचं नाव आळीत फळ्यावर लावा. मग एकेका खेळण्याच्या मागे लागायची गरज उरणार नाही.

माझ्या बाजूने मी काय करू शकते ते सांगते. मार्गशीर्षात एका रविवारी मी चितार आळीत येणार आहे. आमच्या लोकवर्गणीतून पंधरा चोखण्या, दोन पांगुळगाडे आणि एक मोठी बैलगाडी घ्यायची आहे. चोखण्या कोऱ्या. गाड्यांना रंग असेल तर डबा मला दाखवा, मी लेबल वाचेन आणि नसेल कळत तर फोटो काढून डॉक्टरांना विचारेन. ठरला भाव देईन, घासाघीस करणार नाही. चिठ्ठ्या लिहायला कुणाकडे वेळ नसेल तर वह्या आणि सुतळी मी घेऊन येते, ओट्यावर बसून लिहून देते. माझं अक्षर सुवाच्य आहे, १९ वर्षं रजिस्टरं लिहिते आहे. तुम्ही फक्त सांगा आणि खाली सही करा.

तो खुळखुळा मी त्या आईकडून मागून घेतला, तिला त्याचे पैसे दिले. माझ्या टेबलाच्या खणात कागदात गुंडाळून ठेवला आहे. येताना घेऊन येईन. तुमच्यापैकी कुणी तो हातात घेऊन कशाचा रंग आहे ते सांगू शकलं, तर सांगा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग